भाकरीनं घेतलेला ट्रॅक्टर

आमच्या पंचक्रोशीत सगळ्यात मोठा ट्रॅक्टर कोणी आणला, ठाऊक आहे? मी! लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता. शब्द काढला असता तर लहान आला असता. तेच तर सांगायचंय. चहा घ्या, आणि हसायचं असेल तर शेवटी एकदाच काय ते हसून घ्या.

माझं माहेर पुसदचं. सासर बोरी अरबहून बैलबंडीनं तासाभराच्या वाटेवर. घरात सासरे, म्हणजे मामाजी, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आमचे हे, मी, आणि सोन्या नि बादल. शेवटचे दोघे बैल, पण आत्याबाईंच्या लेखी त्यांचा नंबर आमच्या ह्यांच्या वर होता. ह्यांना त्या ‘मध्या’ म्हणत. बैलांना ‘बाप्पा’.

घरची रीत अशी की नव्या सुनेनं सासऱ्यांसमोर बोलायचं नाही. मी मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे ही रीत मला फारच पटली. पण मामाजींचा जीव गप्पिष्ट! त्यांना सुनेशी बोलल्याशिवाय राहवेना. शेवटी त्यांनीच तोड काढली.

“सूनबाई, हो असलं तर बांगड्या वाजव. नाही असलं तर गप राह्य. बस!”

हातात लग्नाचा हिरवा चुडा. दारूगोळ्याला तोटा नव्हता.

“सूनबाई, करमते न इथं?” छन्न!

“पुसदची लय याद येते का?” गप्प. (गप्प बसूनही खोटं बोलता येतं, हे मला तेव्हा समजलं.)

मामाजींची एक सवय होती. कोणताही प्रश्न ते दोनदा विचारत. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा नीट. ही सवय लक्षात ठेवा. मीही ठेवली होती, आणि तिथंच घात झाला.

तर त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. दारव्ह्याचे शब्बीरभाई मिस्त्री जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून विकत. त्यांच्याकडे दोन उभे होते. एक करडा, लहानखुरा. दुसरा लाल, हा एवढा! त्याचं मागचं चाक आमच्या ह्यांच्या छातीला लागत होतं. हे पाहून आले ते प्रेमातच पडून आले. माझ्याकडे असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

“बाबा, घ्याचा तर मोठाच घ्या. लोकायनं पाह्यलं पाह्यजे!”

“लोकायले दाखवाले घेतं का नांगराले?” आत्याबाई म्हणाल्या.

“आई, तुले काय समजते त्याच्यातलं?”

“मले कोठा समजते! लहाना आला तर माह्या सोन्या-बादलच्या बाजूनं मावते. मोठा आला तर थे दोघं कुठी जातीन? तुह्या खाटीवर?”

खरी अडचण तीच होती. बैलांचा कोठा एकच. मोठा ट्रॅक्टर आला की बैलांनी मामाजींच्या बहिणीकडे जायचं, शेजारच्या गावाला. आत्याबाई नुसत्या विचारानंच ताट बाजूला सारत होत्या.

मामाजी मधोमध. लेकाकडे पाहिलं की मोठा, बायकोकडे पाहिलं की लहान. शेवटी ते म्हणाले, “एक मत इकडं, एक मत तिकडं. आता सूनबाईले इचारू. तिच्या तं माह्यरीच ट्रॅक्टर हाय!”

आता हे कुठून आलं? तर सांगते. पुसदला आमच्या घरासमोर गॅरेज आहे. तिथं एक मोडका ट्रॅक्टर कायमचा पडलेला. त्याच्या सीटवर आमच्या शेजारणीची कोंबडी अंडी घालायची. लग्नानंतर बायकांत बोलता बोलता मी एवढंच म्हणाले होते की, आमच्या दारात ट्रॅक्टर असतो. हे वाक्य गावभर फिरून घरी आलं तेव्हा माझ्या वडिलांच्या नावावर ट्रॅक्टर लागला होता. मी दुरुस्ती करायला हवी होती. पण दुरुस्ती करायची म्हणजे बोलावं लागतं!

तर सौद्याचा दिवस. शब्बीरभाई ओसरीवर येऊन बसले. मी चुलीपाशी. तोवर भाकरी रोज आत्याबाईच थापत. पण त्या दिवशी त्यांना बाहेर लक्ष ठेवायचं होतं, म्हणून परात माझ्याकडे आली. जाताना त्या कानाशी लागल्या.

“लहाना म्हनलं का वाजव, माय. मोठा म्हनलं का मुकी होय. माह्ये बैल तुह्या हातात हाय.”

मी मान डोलावली. गेल्या निवडणुकीत वय बसलं नव्हतं म्हणून मत हुकलं होतं. हे माझं आयुष्यातलं पहिलं मत!

हात कोरडे करून मी तयार बसले. पण मामाजी विचारतील तर ना! आधी तंबाखू झाली. मग शब्बीरभाईंनी कुठल्याशा जमीनदाराच्या इंजिनाची गोष्ट काढली. ती संपेचना. इकडे तवा धुरकटला. म्हटलं, एक भाकर टाकून घ्यावी.

थापली, दोन्ही तळहातांवर उचलली, तव्यावर धरली, आणि त्याच क्षणी ओसरीवरून आवाज आला.

“काय सूनबाई, लहाना घ्याचा का?”

आता सांगा! हातावर भाकर. हलवले हात तर भाकरीचे तुकडे चुलीत. पाहुण्याच्या पानात काय वाढू? मी गप्प राहिले. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, मामाजी दुसऱ्यांदा विचारतीलच. भाकर टाकली, पाणी फिरवलं, आणि हात आपले सवयीनं दुसऱ्या गोळ्याकडे गेले.

पण पाहुण्यांसमोर मामाजींनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

“म्हंजे लहाना नाही. मंग मोठा का?”

छनछनछनछनछन!

भाकर थापताना चुडा काय बोलतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. हात थांबवले, पण उशीर झाला होता.

“अबब!” मामाजी बाहेर ओरडले. “ऐकलं का? सूनबाईचा तं लयच जोर हाय मोठ्यावर!”

“भाभी ने बोल दिया, बात खतम!” शब्बीरभाईंनी मांडीवर थाप मारली.

आमच्या ह्यांनी दारातून माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. आत्याबाईंनीही पाहिलं. तेही विचारू नका.

तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाहीस? अहो, कसं सांगणार? नाही म्हणायचं तर गप्प राहायचं, अशी रीत. मी तर जिवाच्या आकांतानं गप्प राहत होते! पण आता कोणी विचारतच नव्हतं. आत्याबाई ऐकून घेईनात, आणि ह्यांचा आनंद पाहून ह्यांना सांगवेना.

लाल ट्रॅक्टर आला. आधी कोठ्याची भिंत पाडावी लागली. सोन्या-बादल निघाले तेव्हा आत्याबाईंनी दोघांच्या कपाळावर हात फिरवला आणि घरात येऊन माझ्याशी बोलणं बंद केलं. भाकरीही बंद केल्या. “जिले आवाज कराची हौस हाय, तिनंच थापा,” असं त्या उतरंडीला म्हणाल्या. संध्याकाळी सवयीनं सरकीचं घमेलं घेऊन कोठ्यात गेल्या. मी मागून पाहत होते. ट्रॅक्टरसमोर त्यांनी घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तुले काय चारू रे, मेल्या?”

मला रडू आलं. पण आवाज न करता.

नांगरणीच्या दिवशी सगळं गाव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. मी शिदोरी घेऊन गेले होते, पदर नाकापर्यंत. आमचं वावर बारा एकर, पण तीन तुकड्यांत. मधून नाला. ट्रॅक्टरनं नांगराचं एक तास मारलं, काळी माती अशी उलटली की हे हवेतच! आणि मग वळायची वेळ आली.

वळेचना! आमच्या तुकड्यात त्याला वळायला जागाच नाही. वळायचं तर धुरा ओलांडून किसनरावांच्या वावरात जायचं, तिथं गोल फिरायचं, मग परत यायचं. या किसनरावांशी मामाजींचं हातभर धुऱ्यावरून गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आज ते बोरीच्या झाडाखाली बसून मामाजींशी बोलले.

“या भाऊराव, या! अजून जरा आतून वळवा न. नांगर कायले उचलता? राहू द्या खालीच!”

दुपारपर्यंत किसनरावांचं काठाचं वावर फुकटात नांगरून झालं. आमचे मात्र कोपरे राहिले. आणि तीन तुकड्यांच्या वावरात कोपऱ्यांशिवाय असतं काय?

शब्बीरभाई ह्यांना चालवायला शिकवायला आले होते. ते हसत म्हणाले, “मधूभाऊ, हत्ती हाय हा. हत्तीले आंगन में कोन नचाते?” हे त्यांना विकताना सुचलं नव्हतं.

असं पंधरवडाभर चाललं. पेरणी तोंडावर. कोपरे तसेच. शेवटी एके दिवशी मामाजी जेवायच्या आधी चुलीजवळच, रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून, पाट टाकून बसले. हे दारात, आत्याबाई उतरंडीपाशी, तोंड फिरवून.

“शब्बीरभाई बदलून द्याले तयार हाय,” मामाजी म्हणाले. “सूनबाई, आनू का लहाना?”

हाच तो क्षण! मी पिठाचे हात झटकले आणि दोन्ही हात असे वाजवले, असे वाजवले की दोन बांगड्या फुटल्या.

मामाजी शांतपणे म्हणाले, “थापू दे रे तिले भाकर. मंग इचारू.”

मी थक्क! पुन्हा वाजवल्या.

“काय घाई हाय, सूनबाई? होऊ दे भाकर. पंधरा दिवस ऐकून राह्यलो, मले आता भाकरीचा आवाज बराबर समजते. अशीच छनछन...” आणि ते एकदम थांबून माझ्याकडे वळले. तोंडाचा आ तसाच. “थांब, थांब. त्या दिवशी बी... भाकरच होती का वं?”

माझी काय गत झाली पाहा. बांगड्या वाजवल्या तर भाकर. गप्प बसले तर नाही. उरलं फक्त तोंड!

“भाकरच होती, मामाजी!” मी ओरडले. “लहानच सांगायचा होता! बैल आणा!”

आमचे हे म्हणाले, “आई, हिले आवाज हाय!”

आत्याबाई उठल्या. परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि म्हणाल्या, “सरक तिकडं, माय. तुह्या हातची भाकर लय महाग पडते.”

करडा ट्रॅक्टर आला, सोन्या-बादल आले, भिंत पुन्हा बांधली. कोपरे आता बैल करतात, मधलं ट्रॅक्टर करतो. दोघं एकाच कोठ्यात. किसनराव तेवढे हळहळले.

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण परवा माझे वडील पुसदहून आले. ओसरीवर चहा झाला, आणि ते मांडी ठोकून हसायला लागले.

“भाऊसाहेब, एक गंमत सांगतो. आमच्या समोरच्या गॅरेजात एक मिस्त्री आला होता. सांगत होता, इकडल्याच एका गावात कोणा सुनेनं भाकरी थापता थापता हत्तीएवढा ट्रॅक्टर घेतला! काय एकेक पोरी असतात, बाप्पा! मायबापानं काही शिकवलं असतं का नाही?”

ओसरीवर कोणी हसेना. आमचे हे छताकडे पाहायला लागले. आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. मामाजींनी कपबशी खाली ठेवली, आणि आतल्या दाराकडे तोंड करून अगदी गंभीरपणे विचारलं.

“काय सूनबाई, खरं हाय का हे?”

मला आता बोलायची मोकळीक आहे, बरं का. तोंडही आहे, आवाजही आहे.

पण वडिलांसमोर काय बोलणार? हात रिकामे होते. मी आपल्या बांगड्या वाजवल्या.