भाभीचा कागद

दोंडाईच्याला कुणाचं लग्न असलं की आमच्या शहाद्याच्या गल्लीतून वऱ्हाडाची गाडी निघायची आणि सारंगखेड्याला थांबून एक बाई उतरवायची. ती बाई म्हणजे आमची शेजारीण भाभी. पुढे धुळे जिल्हा लागतो, आणि परवानगीशिवाय नंदुरबार जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी तिला सरकारी ताकीद. मग ही निघतेच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "आठलगून त मी वऱ्हाडीच शे ना!" म्हणजे इथवर तरी मी वऱ्हाडातलीच, असं म्हणून ती आहेराची पिशवी दुसऱ्या बाईच्या हाती द्यायची आणि उलट्या एसटीने घरी यायची. गाडीतल्या बायका मग थेट मांडवापर्यंत तिच्यासाठी हळहळत राहायच्या. नवी साडी मी नेसलेली असायची, आणि विषय भाभीचा चालायचा.

भाभी सिंधमधून लग्न होऊन आलेली. नवरा इथलाच, स्टँडजवळ त्याचं टॉवेल-बनियनचं दुकान. नवरा भारतीय, मुलगी भारतीय, आणि त्या दोघांना रांधून वाढणारी भाभी तेवढी परदेशी. नियमाची सात वर्षं भरल्यावर तिने नागरिकत्वाचा अर्ज केला. तो नंदुरबारहून वर जायचा, काहीतरी त्रुटी निघून परत यायचा. दिराने सुरतेला मोठं दुकान बघून ठेवलं होतं. पण पत्ता बदलला तर फाइल पुन्हा पहिल्यापासून, म्हणून सगळं घर शहाद्यात अडकून पडलेलं. कुणी विचारलं की भाभी काखेतली कागदांची पिशवी थोपटून सांगायची, "कागद चाली ऱ्हायना." आणि विचारायचे सगळेच. भाजीवाली विचारायची, पोस्टमन विचारायचा. बारा वर्षांत या गावात मला कुणी रस्त्यात थांबवून 'तुझं काय चाललंय' असं विचारल्याचं आठवत नाही.

आज हे हसत लिहितेय, पण तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी नाशिकची, एम.ए. झालेली, इथल्या शाळेत मराठी शिकवते. जन्माचा दाखला, आधार, मतदानाचं ओळखपत्र, सगळं जिथल्या तिथे. तरी गल्लीला मी 'नाशिकवाली' आणि भाभी 'आपली'! तिची अहिराणी ऐकून बाजारात कुणी तिला बाहेरची म्हणणार नाही. मी तोंड उघडलं की समोरची बाई पदर सावरून शाळेतल्यासारखं बोलायला लागायची.

सगळ्यात जास्त झोंबायचं ते जिजींचं. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई, अख्खी गल्ली त्यांना जिजी म्हणे. दुपारी भाभी आली की ओट्यावर दोघींच्या गप्पा रंगायच्या, आणि मी चहा घेऊन गेले की जिजी गप्प व्हायच्या. एका श्रावणात तर कहर झाला. आमच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक मूठ मूठ गहू मोजून घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत. जिजी मुठी टाकत होत्या आणि मी मनात मोजत होते.

"आई, एक मूठ जास्त झाली," मी म्हणाले.

जिजींनी मानही वर केली नाही. "ती भाभीनी शे. तिले घरमा मोजानी नही त कोठे मोजानी?"

सरकारी कागदाला इतकी वर्षं जमलं नव्हतं ते जिजींनी एका मुठीत उरकलं होतं, आणि मला विचारलंही नव्हतं. भाभी माझ्या शेजारी पाटावर बसून रोट खात होती. मी तिचे घास मोजत बसले.

नागरिकत्वाच्या अर्जासोबत दोन स्थानिक माणसांनी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की, आम्ही या बाईला ओळखतो, तिची वागणूक चांगली आहे. एक भाभीच्या घरमालकांनी दिलं होतं, दुसरं जिजींनी. माघात जिजी गेल्या. चैत्रात पत्र आलं: चौकशी पुन्हा होणार, प्रतिज्ञापत्रं नव्याने हवीत, मुदत पंधरा दिवस. मुदत चुकली तर अर्ज निकाली. भाभी पिशवी घेऊन माझ्याकडे आली.

"जिजीना जागावर तू सही दे. तुन्हं आधार लागी."

"आधार कुठे ठेवलंय ते सापडत नाहीये हो भाभी. शोधते," मी म्हणाले.

आधार स्वयंपाकघरातल्या खणात होतं, माझ्यापासून पाच पावलांवर. भाभी रोज येऊन विचारायची, "गवसनं का?" आणि मी रोज नाही म्हणायचे. का, असं विचाराल तर लाज वाटते, पण सांगते. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचं काहीतरी माझ्यावाचून अडलं होतं, आणि ते मला आवडत होतं. असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी ती आली तेव्हा काखेत पिशवी नव्हती. हातात भिजवून दळलेल्या ज्वारीचं पातेलं होतं. "औंदा तुन्हा घर बिबड्या नही का?" बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, जिजी दरवर्षी गच्चीभर घालायच्या. मला येत नाहीत, आईंनी कधी शिकवलं नाही, असं मी तोडून म्हटलं. भाभीने पदर खोचला आणि आधण ठेवलं. ती शिजता घाटा ढवळत असताना माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तुम्हाला सगळं सांगितलं आईंनी. मला का नाही?"

भाभीचा हात थांबला नाही. "तुन्हा भ्याव वाटे तिले. म्हने, मन्ही सून शाळामा शिकाडस, मी बोलनू त तिले हासू ई. तू चहा लई उनी का म्हनीसनी चूप बसे."

बारा वर्षं मी ज्याला दुजाभाव समजत होते तो माझा धाक होता. जिजींना आता काही विचारायची सोय उरली नव्हती. मी उठले, खण उघडला आणि आधार भाभीसमोर ओट्यावर ठेवलं. "गवसनं," मी म्हणाले. तिने ते पुसून चोळीत खोचलं आणि मला कापडावर बिबडी थापायला लावली.

पुढे चौकशीला पोलीस आले. "या बाईंची वागणूक कशी आहे?" त्यांनी विचारलं आणि मी सुरू झाले. ती किती वाजता उठते, कुणाच्या आजारपणात कुणाकडे डबा पोचवते, शेवटच्या महिन्यात जिजींना कुणाच्या हातचं जेवण जात होतं. "मॅडम, दोन ओळी पुरेत," ते म्हणाले. हेव्यापोटी मी तिच्यावर इतकी बारीक नजर ठेवली होती की गल्लीत तिला माझ्याएवढं कुणीच ओळखत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी ती नंदुरबारला शपथ घेऊन प्रमाणपत्र घेऊन आली. पेढ्यांचा पुडा आधी आमच्या दारात फोडला आणि गल्लीला ओरडून सांगितलं, "हिनी सही कामे उनी!" मला ते सोसवेना. तिला आत ओढून मी म्हटलं, "भाभी, आधार हरवलं नव्हतं."

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तू साखर काढाले खण उघाडे तवय दिखे ना रोज. बावीस वरीस वाट दखी मी. तुन्हाकरता अकरा दिन जास्ती झायात, त काय बिघडनं?" आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला.

दिवाळीनंतर ते सुरतेला गेले. टेम्पोत पुढे बसून ती गेली, कुठेही न उतरता. गल्ली चार दिवस सुनी वाटली, मग सावरली. मी सावरले नाही. आता रविवारी मी फोन करते. ती हसून बोलते, शेजारणींना बिबड्या शिकवल्याचं सांगते, मागून बायकांचा गलका ऐकू येतो. मग मध्येच म्हणते, "थांब, शेजारीन उनी," आणि फोन ठेवते. मी तशीच उभी राहते, आणि ज्या बाईचं मी तोंडही पाहिलेलं नाही तिच्यावर माझा जीव जळतो.