वायोमिंगमधला पाणवठा

त्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये अमेरिकेतलं वायोमिंग उघडलेलं असायचं. नवरा आणि त्याच्या कंपनीतला एक डच सहकारी सप्टेंबरात तिथे प्राँगहॉर्नच्या शिकारीला जाणार होते. तिसरी मी. हा प्राणी हरणासारखा दिसतो, उघड्या माळावर राहतो आणि माणसाला फार लांबून हेरतो. त्यामुळे जागा आधीच शोधून ठेवावी लागते. ते काम मी घेतलं. पुण्यात मी बातमीदार होते; इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यापासून पडताळून बघण्यासारखं काही हाती आलं नव्हतं.

उपग्रहाच्या नकाशावर मी सरकारी जमीन आणि खासगी जमीन वेगळी केली, कारण खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, खालच्या तारेखालून सरपटत जातो. म्हणून त्यांच्या वाटा कुंपणाला जिथे भिडतात, त्या जागा टिपल्या. एक वाट गुरांच्या हौदाकडे जात होती. हौद सरकारी जमिनीवर होता, रस्त्यापासून चालत गाठण्यासारखा. तीच जागा मी पक्की केली. शनिवारी नेमबाजीच्या क्लबात माझा सरावही चालू होता.

परवाने सोडतीने मिळतात. एकत्र जाणाऱ्यांनी गटाने अर्ज करायचा. तो नवऱ्याने भरला. गेमेंटेचे म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, विम्याचे, माझे सगळेच अर्ज इथे तोच भरायचा. मी विचारलंही नाही.

सोडतीत परवाने मिळाले त्या आठवड्यात सहकारी जेवायला आला. नकाशा बघून तो इंग्रजीत म्हणाला, "जागा तू शोधलीस आणि तूच येत नाहीस! रक्त बघवत नाही म्हणे तुला?"

नवरा वरण वाढून घेत होता.

"अरे, असं मी कधी म्हटलं?" मी मराठीत विचारलं.

"अगं, आठवडाभर तंबूत राहायचं. तुलाच अवघडल्यासारखं झालं असतं."

"म्हणजे माझं नाव दिलंच नाहीस."

"पुढच्या वर्षी देऊ ना."

काय झालं, असं सहकाऱ्याने विचारलं.

"काही नाही," नवरा त्याला म्हणाला, "पोळ्या संपल्यात, तेवढंच."

त्याच दुपारी मी त्या माळावर गुरं चारणाऱ्या माणसाला फोन केला होता. त्याने यंदा गुरं दुसरीकडे हलवली होती आणि हौदाचं पाणी बंद केलं होतं. ते मी आता इंग्रजीत सांगितलं, दोघांनाही कळावं म्हणून.

सहकाऱ्याने काटा खाली ठेवला. नवरा म्हणाला, "मग दुसरी जागा बघ ना. तुला काय, एका संध्याकाळचं काम."

"ज्यांची नावं अर्जात आहेत, त्यांनी बघावी."

पुढे उन्हाळाभर नवरा जेवणानंतर त्या टेबलाशी नकाशा उघडून जागा शोधत बसायचा. एकदा त्याने विचारलं, नकाशावर सरकारी जमिनीचा रंग कोणता? पिवळा. मी सांगितलं नाही.