बाबांचे कीटोन, आईचा उपास

रोहणा गावच्या आमच्या शेतात बाबांच्या पायात कापूस वेचलेल्या पऱ्हाटीचा खुंट रुतला. जखमेवर हळद दाबून त्यांनी आठवडाभर कोणाला पत्ता लागू दिला नाही. मग ताप चढला आणि त्यांना थेट अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. सेप्सिस झाला होता. जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता आणि हृदय नीट काम करत नव्हतं. बाबा वाचतील, असं छातीठोकपणे कोणीच सांगेना.

तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून एका संशोधनाबद्दल सांगितलं. उपाशी असताना शरीर चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतं. सेप्सिसने थकलेल्या हृदयाला ते मानवतं का, हे त्या तपासत होत्या. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळणार होते. वर काहींना नाकातल्या नळीतून कीटोनचं द्रावण, काहींना तसंच दिसणारं साधं. कोणाला काय मिळालं, हे त्यांनाही कळणार नव्हतं.

"अन् ह्यायले साधंच भेटलं तं?" आईने विचारलं.

"तसंही होऊ शकतं, काकू."

मी संमतीपत्रावर सही केली. आईने जेवण सोडलं.

"आई, जेवत काऊन नाई तू?"

"त्या बाईनंच सांगतलं नं, उपाशी राह्यलं का बनते म्हून. ह्यायले नाई भेटलं, तं माह्यं कामी येईन."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तिच्या अंगातलं कीटोन बाबांच्या अंगात जायला रस्ताच नाही, हे मी चक्क आकृती काढून समजावलं. आईने आकृती शांतपणे पाहिली.

"मंग एवढे सोमवार धरले, तवा कोनता रस्ता होता?"

माझा तास तिथेच संपला. ती चहा तेवढा घ्यायची, तोही माझ्यावर उपकार म्हणून. मला तिचा राग येत होता आणि आता तिचीही काळजी वाटत होती.

चौथ्या दिवशी बाबांचं हृदय सावरलं. आणखी दोन दिवसांनी नळी निघाली, मऊ खिचडी आली. मी त्यांना उपासाची गोष्ट हसतहसत सांगितली. जन्मभर आईच्या उपासांची टिंगल करणारे बाबा हसले नाहीत. त्यांनी वाटी तिच्यापुढे सरकवली.

"तुमी जेवा. मी मंग खाईन."

"तू खाल्ल्याबिगर मी तोंड नाई उघडत."

आईने वाटी पुसून खाल्ली आणि मला दुसरी आणायला पिटाळलं. मी जिन्यातच थांबून रडून घेतलं.