अस्सल पुणेरी स्टेशन आणि अब्बांची फर्माईश

पुण्यात ते खासगी एफएम स्टेशन सुरू झालं, तेव्हा त्यांची माणसं मंडईत येऊन आमच्या लिंबांच्या गाळ्यावर न विचारता स्टिकर चिकटवून गेली. त्यावर वर ‘अस्सल पुणेरी स्टेशन’ आणि खालचा सगळा मजकूर हिंदीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

गाणी मुंबईच्या ऑफिसात ठरत. निवेदक पोरं-पोरी पुण्यातलीच, कर्वेनगरच्या कॉलेजांतून उचललेली, पण माइकसमोर बसली की आईची भाषा विसरत. मराठी गाणं लावलं की स्टेशन गावंढळ वाटतं, असं म्हणे मुंबईकरांचं मत होतं. त्यामुळे त्याच चार हिंदी गाण्यांचं दळण दिवसभर. श्रोत्यांची फर्माईश हे तर निव्वळ नाटक. फोन आधीच रेकॉर्ड करायचा आणि जे गाणं लागणारच आहे, तेच श्रोत्याला मागायला लावायचं. आपला आवाज रेडिओवर येणार म्हणून लोकही हुरळून मागत.

अब्बांना हे ठाऊक नव्हतं. अम्मी तेव्हा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने कधीकाळी एक मराठी भावगीत म्हटलं होतं, आणि लग्नानंतर भाकऱ्या थापताना ती तेच गुणगुणायची. ते गाणं स्वतःच्या आवाजात मागून तिला रेडिओवर ऐकवायचं, अब्बांची हौस एवढीच. त्यांनी गाळ्यावरून फोन लावला. नाव ऐकताच निवेदिका हिंदीवर घसरली आणि ‘चाचाजान’ म्हणायला लागली. सगळा जन्म मंडईत काढलेले अब्बा म्हणाले, ‘‘अहो, मराठीत बोला. मला समजतं.’’ मग तिने त्यांना त्या आठवड्याचं एक धांगडधिंग्याचं गाणं मागायला सांगितलं. अब्बांनी साफ नकार दिला आणि आपलंच मागितलं. ‘डन, उद्या लावते,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी अम्मीच्या उशाशी रेडिओ ठेवला. मी तिथेच बसलो होतो. अब्बांचा आवाज आला, ‘‘माझ्या बायकोसाठी एक गाणं लावा.’’ पुढचं सगळं कापलेलं. चाचाजानची पसंद काय झकास आहे, असं निवेदिका किंचाळली आणि तो धांगडधिंगा सुरू झाला. अम्मीने तोंड भिंतीकडे फिरवलं. अब्बांनी तिला परोपरीने समजावलं, पण तिने आवाज त्यांचाच ऐकला होता. नवरा आपलं गाणं विसरला, असंच तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. या एका गोष्टीसाठी मी त्या स्टेशनला कधीही माफ करणार नाही.

पुढे स्टेशनचे मालक बदलले, नाव बदललं, घोषवाक्य तर दर दिवाळीला नवं. शेवटी इथला स्टुडिओही त्यांनी गुंडाळला आणि ‘अस्सल पुणेरी’ मुंबईहून वाजू लागलं. कुणाला फरक कळला नाही, इतकं ते अस्सल होतं.

अम्मी गेल्यानंतर कधीतरी, वर्धापनदिनासाठी त्यांचा एक माणूस माइक घेऊन मंडईत उतरला. त्याला जुन्या श्रोत्यांच्या आठवणी हव्या होत्या आणि त्याही मराठीतच. मराठी खपतं, असं मुंबईला कुणीतरी सांगितलं असावं. त्याने अब्बांना आवडतं गाणं विचारलं. कोणतंही सांगा काका, लगेच लावतो म्हणाला.

अब्बांनी माइक हाताने बाजूला सारला.

‘‘जिला ऐकवायचं होतं, ती गेली,’’ ते म्हणाले. ‘‘लिंबं घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढे व्हा. मागे गिऱ्हाईक थांबलंय.’’