पुढच्या सीटवरची मावशी

रॉल,

हे पत्र मातलोच्या पत्त्यावर टाकतेय. पोचेल तेव्हा पोचेल; तुमच्याकडचा पोस्टमन लहर आली की येतो, असं तूच म्हणाला होतास. प्रकृती, हवापाणी वगैरे विचारत बसत नाही. तुझ्या गाडीच्या क्लेमचं नक्की काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. चौकशीच्या खोलीत तू नव्हतास, मी होते. दोनदा लिहायला घेतलं आणि फाडलं, कारण 'मी' म्हटलं की प्रत्येक ओळीला एक सबब सुचते. चाळीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्यात, मला त्या लांबूनच ओळखू येतात. म्हणून इथून पुढे मी स्वतःला 'बाई' म्हणणार आणि तुला 'तो'. वाच.

बाई म्हणजे फिलिप्पा लेझामा, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. आठवड्यातले तीन दिवस सकाळी सात-वीसला त्या व्हॅलेन्सिया गावच्या चौकात उभ्या राहायच्या. आरिमाला त्यांच्या शिकवण्या होत्या. बस भरवशाची नाही, म्हणून सगळे जातात तशा त्याही खाजगी गाडीने जायच्या. नंबरप्लेटवर 'पी' म्हणजे घरची गाडी, 'एच' म्हणजे भाड्याची. 'एच'च्या परवान्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात, त्यामुळे निम्मं त्रिनिदाद 'पी'च्या गाडीत भाडं देऊन बसतं. पोलिसांना हे ठाऊक आहे, विमावाल्यांना ठाऊक आहे. तेही त्याच गाड्यांनी कामावर जातात.

त्या पांढऱ्या निसानमधली पुढची सीट बाईंची. दुसरं कोणी बसलेलं असलं तर तो त्याला मागे पिटाळायचा.

"ऊठ रे दादा, ती बाईंची जागा आहे."

"बाईंनी विकत घेतलीये का?"

"तू मागे बस, मग सांगतो."

गाडीत शिरताना 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाही तर इथे माणसाला वळण नाही असं समजतात. बाई म्हणायच्या, "गुड मॉर्निंग, ड्रायव्हर," आणि वह्या काढून तपासायला लागायच्या. मग मध्येच, "ड्रायव्हर, काच वर घे." "ड्रायव्हर, तो रेडिओ." तो रेडिओ बंद करायचा. मागचे लोक कुरकुरायचे. बाई चौकात दिसल्या नाहीत तर तो भरली गाडी वळवून त्यांच्या गल्लीत न्यायचा आणि फाटकाशी हॉर्न न वाजवता थांबायचा. अशी अकरा वर्षं गेली. शिक्षकाला समाजात अजून मान आहे, असं बाईंना त्या सीटवर बसून वाटायचं.

मार्चमध्ये वॉलरफील्डच्या सरळ रस्त्यावर खाणीचा एक ट्रक पुढे होता. त्याचं मागचं फळकूट निखळलं आणि खडी रस्त्यावर ओतली. डावीकडे खोल नाला होता. तिकडे गेला असता तर बाईंची बाजू आधी आपटली असती. त्याने चाक उजवीकडे फिरवलं आणि विजेचा खांब आपल्या अंगावर घेतला. त्याच्या भुवईला चार टाके पडले, बाईंचं मनगट सुजलं, आणि गाडीचं तोंड घडी घातल्यासारखं आत गेलं. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही.

मागे तिघे होते. लांबून पोलिसांची गाडी दिसताच ते बांबूंच्या बेटातून पसार झाले. त्यात वाईट काही नाही, ही इथली रीतच आहे. पॅसेंजर सापडले नाहीत तर ड्रायव्हरवर भाड्याचा गुन्हा लागत नाही. एकाने तर पळता पळता फुटक्या खिडकीतून सात डॉलर आत टाकले. बाईंना पळणं शक्य नव्हतं.

"ह्या कोण?" हवालदाराने विचारलं.

"मावशी," तो म्हणाला. डोळ्यात रक्त ओघळत होतं, ते तो बाहीने पुसत होता.

हवालदाराने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. कागदावर मावशी आली.

सर्व्हेअरने गाडी पाहून टोटल लॉस लिहिलं. दुरुस्तीपेक्षा भंगार परवडेल, अशी तिची अवस्था होती. ड्रायव्हरचं काही वाईट होणार नव्हतं. विमा पूर्ण होता, पैसे आले असते, पतपेढीचं कर्ज फिटून एखादी जुनी गाडी दारात आली असती. फक्त गाडीतल्या दुसऱ्या माणसाचा जबाब राहिला होता. बाईंना कंपनीचं पत्र आलं, शुक्रवारी अकराला या.

आदल्या रविवारी तो बाईंच्या फाटकाशी आला. कपाळाला पट्टी, हातात एक नीरफणस.

"आत ये की."

"नको बाई, बुटांना चिखल आहे."

चिखल नव्हता.

"बरं, बोल."

"पोलिसांकडे मी तुम्हाला मावशी म्हटलंय. आता पॅसेंजर म्हटलं तर एक पैसा मिळायचा नाही. त्या विम्यात भाडं चालत नाही."

"हा विचार आधी करायचा असतो. परवाना काढ म्हणून मी तुला किती वेळा सांगितलं?"

"पुष्कळ वेळा, बाई."

तो ऐकून घेतोय म्हटल्यावर बाईंना जोर चढला. प्रामाणिकपणावर दहा मिनिटं झाली. फाटकाच्या आतून त्या बोलत होत्या, बाहेर उन्हात तो ऐकत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. म्हणेन मावशी. एवढ्यापुरतं."

"उपकार झाले, बाई. मग जरा घरचं सांगून ठेवतो. माझी आई, आम्ही कुठले..."

"काही नको. खोटं बोलायचंच तर कमीत कमी बोलावं. चाळीस वर्षं पोरांना परीक्षेला बसवलं मी, आणि तू मला पढवणार?"

तो हसला. "तसं नाही, पण ते लोक नाव विचारतात."

"नाव माहितीये मला. रॉल जोफील्ड." हे नाव बाईंनी कंपनीच्या पत्रात वाचलं होतं. चार दिवसांपूर्वी, पहिल्यांदा.

त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. बाईंनी नीरफणस घेतला आणि फाटकाची कडी लावली.

कंपनीची आरिमाची कचेरी एका बेकरीच्या वर आहे. तपासनीस पोर्ट ऑफ स्पेनहून आलेला, तिशीचा, नाव बूद्राम. त्याने पंखा बाईंकडे वळवला, पाणी दिलं, मनगटाची चौकशी केली. फार सभ्य मुलगा.

"काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा, मिस."

बाईंनी नीट, क्रमाने सांगितलं. "ट्रकचं फळकूट पडलं. खडी सांडली. ड्रायव्हरने गाडी उजवीकडे घेतली."

"ड्रायव्हरने."

"हो."

"भाच्याला ड्रायव्हर म्हणता तुम्ही?"

"गाडी चालवत असला की म्हणते."

तपासनीस हसला, पण लिहिलं काही नाही. "आणि जेवायला वाढताना काय म्हणता?"

"म्हणजे?"

"घरचं नाव हो. माझं गप्पी. माझी आजी भरबाजारात गप्पी म्हणून हाक मारते, काय करणार. तुमच्या भाच्याचं काय?"

इथे बाप्तिस्म्याचं नाव शाळेच्या दाखल्यावर लागतं आणि मग एकदम मृत्यूच्या. मधलं सगळं आयुष्य माणूस घरच्या नावाने काढतो. मयताच्या जाहिरातीत ते छापावंच लागतं, नाही तर कोण गेलं ते गल्लीतल्यांना कळत नाही. मावशीला ते ठाऊक नाही असं होत नाही.

बाई आठवू लागल्या. त्याचा डावा कान, पेपरमिंटचा वास, चाकावरचे हात, त्यातलं एक नख काळं पडलेलं. एवढंच हाती लागलं. त्याला बायको होती का, मुलं होती का, भाडं नसेल त्या दिवशी तो काय करायचा, काही नाही. नाक्यावरचे लोक त्याला लांबून काहीतरी हाक मारायचे, रोज मारायचे. आखूडसं नाव होतं. बाई त्या वेळी वह्या तपासत असायच्या.

एखादं नाव ठोकून देता आलं असतं. पण समोर फाइल उघडी होती आणि खरं नाव तिच्यात असणार, हे बाईंना दिसत होतं.

"घाई नाही, मिस," तपासनीस म्हणाला. "सही करण्याआधी खालची ओळ तेवढी वाचा. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, असं आहे ते. सगळ्यांनाच वाचायला सांगतो मी."

बाईंच्या तोंडून तेव्हा निघालेले शब्द असे होते: "मला त्याने सांगायला लावलं. मी शिक्षिका आहे, मला असल्या गोष्टींची सवय नाही. मी फक्त भाडं देऊन बसते."

हे मात्र त्याने लगेच लिहून घेतलं.

"लावलं म्हणजे? दम दिला का?"

इथे 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हणायला काही पुरावा लागत नाही, विचार लागत नाही. बाई म्हणाल्या, "आता काय सांगू," आणि सुजलेलं मनगट चोळलं.

तपासनीसाने त्या मनगटाकडे पाहिलं आणि आणखी एक ओळ लिहिली. बाईंनी सही केली. अक्षर सुरेख आलं.

"टूलम," फाइल मिटताना तपासनीस म्हणाला. "त्याच्या बायकोने अर्जात लिहिलंय बघा. टूलम."

टूलम म्हणजे गूळखोबऱ्याची काळी वडी, दाताला चिकटणारी. शाळेच्या फाटकाशी मिळते. बाईंनी आयुष्यभर मुलांच्या हातातून ती जप्त केली होती.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. ह्या वेळी बाईंनी त्याला आत बसवलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि खिशातून कंपनीचं पत्र काढलं. क्लेम नामंजूर. भाड्यासाठी वापर, आणि खाली, 'सहप्रवासी महिलेवर दबाव आणून खोटा जबाब देण्यास भाग पाडले'.

"गाडीचं जाऊ दे, बाई," तो म्हणाला. "भाडं घेत होतो, हे खरंच आहे. पण हे 'भाग पाडले' कुठून आलं? टाइप करताना दुसऱ्या कोणाचं लागलं असेल ना?"

बाई म्हणाल्या, "लागलं असेल."

"तेच मी बायकोला, मर्लला म्हटलं. ती म्हणते, तू बाईंना काही बोललास का? मी म्हटलं, बाईंना? मी? मला फाटकाच्या आत जायचा धीर होत नाही, मी काय भाग पाडणार?" तो हसला. बाईंनाही हसावं लागलं.

"एवढं एक काढून टाकायला हवं," तो म्हणाला. "हे नावाला लागलं की दुसरी कंपनीही विमा देत नाही. आणि विम्याशिवाय 'एच'चा परवाना नाही. मी ह्या वेळी खरंच परवाना काढणार होतो. तुम्ही गुरुवारी माझ्याबरोबर येऊन, 'ह्याने भाग पाडलं नाही' एवढं सांगाल? सहा आठवड्यांच्या आत सांगितलं तर दुरुस्ती करतात म्हणे."

"सांगेन की."

मग बाईंनी चहा केला. कोकोचा, दाट, जायफळ घालून. आणि प्रश्न विचारले. इतक्या उशिरा विचारताना लाज वाटत होती, तरी विचारले. त्याने मोकळेपणाने सांगितलं. जन्म मातलोचा. वडील मासेमारीला गेले ते गेलेच. आई शाळेच्या फाटकाशी टूलम विकायची, आणि उरलेलं हा खायचा, म्हणून ते नाव. टायरच्या कारखान्यात सोळा वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा हाती आलेल्या पैशांत पहिली गाडी. मर्ल शाळेचे गणवेश शिवते. बाईंच्या शाळेचे सुद्धा शिवायची, हे बाईंना त्या दिवशी कळलं. मुलगी टोबॅगोला नर्स आहे.

"आणि ती पुढची सीट?" बाईंनी विचारलं. "माझ्यासाठी का ठेवायचास?"

"आई मागे बसली की तिला वळणांवर उलटी व्हायची. तेव्हापासून म्हातारं माणूस मी पुढेच बसवतो." मग त्याला वाटलं असावं की बाईंना लागलं, म्हणून घाईने म्हणाला, "तुम्ही शिक्षिका, ते आहेच."

"नाही रे, ठीक आहे," बाई म्हणाल्या.

बुधवारी संध्याकाळी बाईंनी इस्त्री उरकून निळा झगा बाहेर काढून ठेवला. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, मुलांची परीक्षा तोंडावर आहे, पुढच्या गुरुवारी जाऊ. पुढच्या गुरुवारी मनगट दुखत होतं. खरंच दुखत होतं, पण तेवढं नव्हतं. ती चूक टायपिस्टची नव्हती. त्या खोलीत ते कागद उघडणार आणि तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असणार, हे कारण होतं. तिसऱ्या वेळी त्याने स्वतः फोन केला नाही. मर्लकडून निरोप आला, बाईंना सवड होईल तेव्हा. सहा आठवडे सरले. जूनमध्ये कळलं, तो मातलोला गेला, चुलतभावाच्या होडीवर कामाला. मर्ल शिवणयंत्र घेऊन मागाहून गेली.

बाई आता बसने जातात. आठवड्यातले तीन दिवस त्या बेकरीवरून जाणं होतं. मुदत संपली तरी माणसाने स्वतः येऊन जबाब बदलला तर तो फाइलला लावून घेतात, असं बेकरीत काउंटरवर बसणारीने सांगितलं. तिचा नवरा वरच कामाला आहे. जिना आतून आहे, कचेरी चार वाजेपर्यंत उघडी असते, आणि दोघांनी जायची गरज नाही, एकट्या बाई गेल्या तरी चालतं. बाईंनी हे सगळं नीट विचारून घेतलं, पाव घेतला, आणि बस पकडली.