सुमी आणि घुम्याची राहिलेली गोष्ट

माझी आई एका जपानी लव्हस्टोरीचा शेवट न ऐकताच गेली.

आज वर्ष झालं.

हसू आलं तर हसा. तीसुद्धा हसायची.

आईच्या किमोसाठी आम्ही दोघी मानवतहून परभणीला जायचो. सलाईन संपेपर्यंत बसून राहायचं. आई छताकडे बघत, मी मोबाईलमध्ये.

एकदा म्हणाली, "एकटीच काय दात काढायलीस? मला बी सांग की."

मी मांगा वाचत होते. म्हणजे जपानी चित्रकथा. अकरावीतली एक पोरगी, तिच्या वर्गातला एक पोरगा. दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि तोंड उघडायला एकही तयार नाही. बस, एवढंच.

मला वाटलं आता बोलणी बसणार. एवढं शिकवलं आणि पोरगी हे वाचायली!

आई म्हणाली, "पयल्यापासून वाच."

आता आई कोण ते सांगते. श्रावणात आमच्या गल्लीत महादेवाच्या देवळात पोथी लागते. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. बायकांच्या बैठकीत अर्थ सांगायला कायम आईच. शाळा सातवीपर्यंत, पण सांगायला लागली की बायका निवडायला आणलेली डाळ विसरायच्या.

तर या मांगाचीही पोथी झाली.

मी इंग्लिशवरून मराठी करत वाचायचे, आई अर्थ सांगायची. जपानी नावं तिच्या तोंडात बसेनात, म्हणून तिनं दोघांचं नव्यानं बारसंच केलं. पोरगी सुमी. पोरगा घुम्या.

"त्यानं नुसतं तिचं दप्तर उचललं. बोलला काहीच नाही," मी वाचायचे.

"उचललं ना? मग बोललाच की. घुम्या मानसाचं बोलणं हातात असतंय. तुझ्या दादाकडं बघ."

दादा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात धान्याचं दुकान आहे. त्यांचं मत ठरलेलं, "शाळेतल्या पोरायची लफडी ऐकत बसायल्यात मायलेकी. काय खूळ हाय!"

मग घरीही वाचन सुरू झालं, आणि शेजारच्या शांताकाकूंनाही नाद लागला. दुपारची भांडी झाली की त्या आमच्या ओसरीत हजर.

आणि मांगा बंद पडली.

सुमीच्या वडिलांची बदली झालेली. ती गाव सोडून निघणार. घुम्या अजून गप्पच. आणि पुढचा भागच नाही! खपत नसेल, काय माहीत. खाली एक ओळ टाकून मोकळे, की पुढची कथा मूळ कादंबरीत वाचा. मांगा त्या कादंबरीवरूनच काढलेली, आणि कादंबरी फक्त जपानीत.

माझं डोकंच फिरलं. आई मात्र शांत.

"मग कादंबरी वाच. पोथीत कुठं चित्रं असत्यात?"

ई-बुक घेतलं. एकेका पानाचा स्क्रीनशॉट काढायचा, ट्रान्सलेट ॲपला द्यायचा, आणि जे येईल ते वाचायचं. येईल ते म्हणजे नुसते दगडधोंडे. एकदा आलं, 'तिच्या छातीत दुपार उभी राहिली.'

मी कपाळाला हात लावला.

"अगं, करमंना तिला," आई म्हणाली. "सोपं तर हाय."

तो अर्थ बरोबर होता का, मला आजही माहीत नाही. पण पुढचं पान त्याला जुळायचं.

मग आईच खालावत गेली. डॉक्टरांनी किमो बंद केली. चार ओळी वाचल्या की तिचा डोळा लागायचा. मला भीती वाटायला लागली.

एका दुपारी म्हटलं, "आई, शेवटची पानं आधी वाचू का? मधलं मागून वाचू."

"न्हाई."

"अगं, पण..."

"मधलं टाकून शेवटाला जायचं न्हाई. पोथी तशी वाचत नसत्यात."

"आणि राहिली तर?"

तिनं माझा हात हातात घेतला. "तर तू पुरी कर. ऐकणारं उठून गेलं म्हणून वाचणारानं उठू नये, बाळा."

त्याच आठवड्यात आई गेली.

वर्षभर मी ते पुस्तक उघडलं नाही. संपलं की आईबरोबरचं काहीच करायचं राहणार नाही, असं वाटायचं. शांताकाकू दारातून विचारायच्या, "काय झालं गं सुमीचं?" मी म्हणायचे, वाचू कधीतरी.

परवा जेवता जेवता दादा म्हणाले, "वर्षाच्या दिवशी चार मानसं जेवतील. पण तिची गोष्ट राहिली की अर्धी."

"तुमाला काय माहीत, दादा?"

"दुपारी जेवायला येत होतो की घरी. आत बसून ऐकत होतो."

आणि परत ताटात बघून जेवायला लागले.

आज सगळे जेवून गेल्यावर मी वाचायला बसले. शांताकाकू होत्या. दादा आज दुकानात गेलेच नाहीत, ओसरीतच बसले. ॲपनं दिलं तसंच ओबडधोबड वाचत गेले. आईनं अर्थ इतका सांगून ठेवला होता, की आता आमचं कुणाचंच अडलं नाही.

स्टेशन येतं. सुमीची गाडी लागलेली असते. घुम्या धावत येतो.

पुढची ओळ मी तोंडातल्या तोंडातच वाचली.

दादा म्हणाले, "मोठ्यानं वाच. तिला ऐकू जाऊ दे."

ती ओळ मी पुन्हा वाचली. मोठ्यानं, पार गल्लीत ऐकू जाईल अशी. काकूंनी पदर डोळ्याला लावला. दादा उठून परसात गेले, ते लवकर आत आलेच नाहीत.

आई, बोलला गं तो.

"जाऊ नको" म्हणाला. गाडी सुटायच्या आधी, सगळ्यांच्या देखत.

सुमीला जावं तर लागलंच.

पण ऐकून गेली.

आई, तुझी लय आठवण येते गं. दादांचा आणि माझा तुला नमस्कार.