पावलावरची शाईची फुली

इस्पितळात बाबांच्या शेजारच्या खाटेवर गोव्यातल्याच पार्से गावचे एक काजूवाले काका होते. दुखणं दोघांचंही एकच. गुडघ्यामागची धमनी फुगलेली. दोघांच्याही मांडीतली शीर काढून डॉक्टरांनी रक्ताला नवी वाट करून दिली होती. रोज सकाळी नर्स पेनाएवढं एक यंत्र पावलावर टेकवायची आणि नाडीचा आवाज सापडला की तिथे शाईची फुली मारायची. काकांच्या पावलावर फुली पहिल्याच दिवशी उमटली. बाबांच्या पावलावर ती यंत्र फिरवत राहायची, आणि मी आवाजासाठी कान देऊन बसायचे.

मला त्या माणसाच्या पायाचा हेवा वाटायचा. पांघरुणाबाहेर आलेली त्याची पाच गुलाबी बोटं दिसली की मी मान फिरवायचे. बाबांची दोन बोटं कापावी लागली होती.

मी मनात ठरवून टाकलं, याने वशिला लावला असणार. बाबा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांनी युनियनमधून घरी आणलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. रांग मोडणाऱ्यांविरुद्ध मी स्वतःही पत्रकं लिहिली आहेत. या काकांवरचं पत्रक तर डोक्यात तयारच होतं. एका सकाळी चहात पाव बुडवत बसलेल्या त्यांच्या बायकोला मी विचारलंच, "मावशी, तुमचा नंबर कोणी लावून दिला?"

"कोण लावतलो गो? डॉक्टरान तारीख दिली, आमी येवन बसलों. हे म्हणत होते, काजूचीं बोंडां सरलीं की जावया. मी म्हटलां, बोंडां कुसांदी, पाय कुसूंक नाका." बोंडं कुजली तर कुजोत, पाय कुजायला नको, एवढाच तिचा हिशोब.

तारीख आम्हालाही मिळाली होती. गुरुवारची. त्याच गुरुवारी आमच्या सर्वण गावाहून डिचोलीला खनिजाच्या धुळीविरुद्धचा मोर्चा होता. आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "तुझो पयलोच मोर्चो गो. फुडली तारीख मागून घेवया. पाय खंय पळून जाता?" मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. तारीख पुढे ढकलली. जन्मभर खनिज वाहिलेला ड्रायव्हर फलक धरून पहिल्या रांगेत! फोटो चांगला आला.

आठ दिवसांनी बाबांचं पाऊल पांढरं पडलं, थंडगार झालं. फुगवट्यातली गुठळी सुटून खाली अडकली होती. धावपळीत ऑपरेशन झालं. डॉक्टर नंतर म्हणाले, "काकांना केलं तेच यांना केलं. पण गुठळी खाली जाण्याआधी केलं तर पाय बहुतेक वाचतो. नंतर खालच्या बारीक नळ्या बंद होतात, मग खात्री देता येत नाही." बाबांचं पाऊल वाचलं. पाचव्या दिवशी फुली उमटली, फिकट.

हे कळल्यावर हेवा जाईल असं मला वाटलं होतं. उलट तो वाढला. आता दोष द्यायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या तपासणीत डाव्या पायातही तसाच फुगवटा निघाला. नवी तारीख मिळाली. त्याच दिवशी तालुक्यात धुळीच्या तक्रारीवर सुनावणी होती.

"चार दीस फुडें ढकलूया," बाबा म्हणाले. "फलक कोण धरतलो?"

"कोणीही धरील. ऑपरेशनची तारीख मोडायची नाही."

"आणि तू?"

"मी तुमच्याबरोबर."

सुनावणीत बोलायला मी आमच्यातल्या एकाला पाठवलं. तो चांगलं बोलला म्हणतात. त्याचाही मला हेवा वाटला.

ऑपरेशननंतरच्या सकाळी नर्सने डाव्या पावलावर यंत्र टेकवलं आणि लगेच फुली मारली. ठसठशीत, काळी. तपासणीला आलेले काका दुपारी चपला फटफटवत वॉर्डात शिरले.

"काय रे, आज मोर्चो नाय?" त्यांनी बाबांना विचारलं.

"लीडरच हांगा बसलेली आसा," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मोर्चो खंय जातलो?"

दोघंही हसले. मी काकांच्या पायांकडे बघत होते. बोटं मोजली. दहा. मग बाबांची मोजली.